गोळीचा हिशेब क्विंटलमध्ये

बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर-लोणार पट्ट्यात घरातला कुठलाही मोठा खर्च शेवटी सोयाबीनच्या क्विंटलमध्येच मोजला जातो. पोरीचं लग्न इतक्या क्विंटलचं, बोअर इतक्या क्विंटलची, मोटरसायकलचा हप्ता इतक्या पोत्यांचा. एक खर्च मात्र या मापात कधी धरला जात नाही, तो शुगरच्या गोळ्यांचा. तो ‘मेडिकल’मध्ये सुट्या पैशांत भागवायचा खर्च, आणि हात आखडला की पहिली कात्री त्यालाच लागते.

आज तेच माप या गोळ्यांना लावून पाहू. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला. बाजार समितीत प्रत्यक्ष हाती किती पडतात हा वेगळा विषय, आणि मेहकरच्या कुठल्याही शेतकऱ्यासमोर काढला तर लवकर न संपणारा. हिशेबापुरता हमीभावच धरू.

समजा, पाच एकराच्या एका घरात पंचावन्न वर्षांच्या बाबांना मधुमेह आहे. मेटफॉर्मिन दोन वेळा आणि ग्लिमेपिराइड एकदा, अशी साधी चिठ्ठी. दोन्ही औषधं जुनी, त्यांची पेटंटं कधीच संपलेली. साध्या कंपनीची गोळी दोन-चार रुपयांत मिळते. रोजचे दहा रुपये धरले तर वर्षाचे ३,६५०. तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, म्हणजे एचबीए१सी, वर्षातून चारदा केली आणि एकेकीला पाचशे धरले तर दोन हजार. किडनी, लघवी, डोळे यांची वर्षातून एकदा तपासणी आणि डॉक्टरांची फी मिळून आणखी अडीच-तीन हजार. बेरीज ८,१५० ते ८,६५० रुपये, म्हणजे दीड क्विंटलच्या थोडं वर. पाच एकरात एकरी सहा-सात क्विंटलचा उतारा पडला, तर तीस-पस्तीस क्विंटलमधलं हे दीड क्विंटल.

दीड क्विंटल हलकं नाही. पेरणीच्या वेळी बियाणं-खताची उधारी डोक्यावर असताना तर नाहीच. म्हणून गोळी चुकवणाऱ्याला आळशी ठरवून भागत नाही. त्याचाही एक हिशेब असतो, आणि तो वरवर पाहता चोख असतो: आज दहा रुपये वाचले, त्रास तर काही झाला नाही.

मधुमेहाची खोच इथेच आहे. गोळी बंद केली म्हणून दुसऱ्या दिवशी काही दुखत नाही. दात दुखला की माणूस रात्री बारा वाजता लवंग शोधतो. साखर वाढली तर थोडी जास्त तहान, थोडा थकवा, रात्री एक-दोनदा जास्त उठणं, एवढंच. तेही सोंगणीच्या कामावर आणि उन्हावर ढकलता येतं. मधे कधी शिबिरात शुगर ‘नॉर्मल’ निघते, आणि घरात वाक्य येतं, “आता बरं हाय ना, मंग कायले खाऊ गोळ्या?” नॉर्मल निघाली ती गोळीमुळे निघाली, हे त्या कागदावर कुठेच छापलेलं नसतं.

दुसरं वाक्य याहून महाग पडतं. “गोळ्यांनी किडनी जाते.” गावात दोन-तीन माणसं अशी पाहिलेली असतात की वर्षानुवर्षं गोळ्या घेत होती आणि शेवटी किडनीच गेली. इथे कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झालेली असते. किडनीच्या बारीक रक्तवाहिन्या खराब करते ती वर्षानुवर्षं चढलेली साखर, आणि सोबतीला वाढलेला रक्तदाब. किडनीचं काम मंदावलं की डॉक्टर मेटफॉर्मिन कमी करतात किंवा थांबवतात, कारण तेव्हा ती शरीराबाहेर नीट पडत नाही. पाहणारा एवढंच पाहतो की किडनी बिघडली आणि डॉक्टरांनी गोळी बंद केली, म्हणजे गोळीनेच बिघडवली. खरा धोका दुसऱ्याच गोळीत असतो. पाठ-कंबर दुखते म्हणून चिठ्ठीशिवाय, आठवडेच्या आठवडे, दुकानातून घेतलेली वेदनाशामक गोळी मधुमेह्याच्या किडनीवर खरोखर ताण आणते. तिच्याविषयी मात्र कोणाची तक्रार नसते. तिने लगेच बरं वाटतं ना.

‘मला कशी होईल शुगर, मी तर काटकुळा’ हाही एक आडाखा. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशात दहा कोटी दहा लाख लोकांना मधुमेह आणि तेरा कोटी साठ लाख उंबरठ्यावर, असा त्यांतला अंदाज होता. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक अनेक वर्षं सांगत आले आहेत की भारतीय माणूस दिसायला बारीक असला तरी त्याच्या शरीरात चरबीचं प्रमाण जास्त असतं. अंगावर मांस नाही म्हणून गोळी सोडायला मोकळीक मिळत नाही.

आता या चुकवाचुकवीचा पहिला छुपा खर्च पाहू. त्याची नोंद कुठल्याच बिलात सापडत नाही.

बाबा महिन्यातले पंधरा दिवस गोळी घेतात. तीन महिन्यांनी तपासणी होते, सरासरी शुगर साडेनऊ निघते. डॉक्टर विचारतात, “गोळ्या वेळेवर ना?” बाबा मान हलवतात, कारण ‘नाही’ म्हटलं तर बोलणी बसतील. डॉक्टरांच्या कागदावर आता असं चित्र उभं राहतं की दोन औषधं पूर्ण मात्रेत चालू असूनही शुगर आटोक्यात नाही. ते तिसरं औषध जोडतात, आणि तिसरं औषध बहुधा पहिल्या दोन्हींपेक्षा महाग असतं. चिठ्ठी लांबते, खर्च वाढतो, म्हणून आणखी गोळ्या चुकतात, पुढच्या वेळी शुगर दहा निघते आणि इन्सुलिनचा विषय निघतो. चार रुपयांची गोळी चुकवून वीस रुपयांची गोळी घरात आणायचा हा सरळ रस्ता आहे. त्यात एक धोकाही आहे. एखाद्या आठवड्यात सून किंवा मुलगा नेमाने सगळ्या गोळ्या द्यायला लागला, तर साखर एकदम खाली घसरून बाबांना घाम, थरथर, चक्कर येऊ शकते. मग गाव म्हणतं, गोळ्यांनीच घात केला.

म्हणून पैसे वाचवायचे असतील तर पहिला आणि फुकटातला उपाय हाच, डॉक्टरांना खरं सांगणं. ‘महिन्यातले दहा-बारा दिवस गोळी सुटते’ आणि ‘ही गोळी मला परवडत नाही’ ही दोन वाक्यं तपासणीच्या टेबलावर ठेवावीत. परवडत नाही म्हणणं लाजिरवाणं वाटत असेल, तर न घेतलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या तशाच पिशवीत घालून न्याव्यात. त्या बोलतात.

चुकवाचुकवीचा हिशेब इतरांनीही मांडून पाहिला आहे. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विमा असलेल्या हजारो रुग्णांची बिलं तपासली गेली. जे मधुमेही जेमतेम औषध घेत होते, त्यांचा वर्षाचा औषधखर्च अवघा ५५ डॉलर होता. जे जवळपास सगळं औषध घेत होते, त्यांचा ७६३. चौदापट. पण दवाखाना, तपासण्या, भरती असं सगळं धरून चुकवणाऱ्यांचा वर्षाचा खर्च ८,८६७ डॉलर निघाला आणि नेमाने घेणाऱ्यांचा ४,५७०, म्हणजे जवळपास निम्मा. रुग्णालयात भरती व्हायची वेळ चुकवणाऱ्यांपैकी शंभरात तिसांवर आली, नेमाने घेणाऱ्यांपैकी तेरांवर.

अमेरिकेचं उदाहरण लांबचं वाटेल. चेन्नईच्या एका मधुमेह रुग्णालयातला अभ्यास भारतीय डॉक्टरांच्या संघटनेच्या नियतकालिकात २०१३ साली आला. कुठलीही गुंतागुंत नसलेल्या रुग्णाचा खर्च साधारण साडेचार हजार रुपये, आणि पायाला जखम झालेल्याचा एकोणीस हजार. रुपये तेव्हाचे आहेत. चौपटीचं प्रमाण लक्षात ठेवण्यासारखं आहे.

मेहकर तालुक्यात हा पायाचाच मामला सगळ्यात नाजूक. वर्षानुवर्षं चढलेली साखर पायाच्या नसा बधिर करते. सोयाबीन सोंगून झाल्यावर रानात जे खुंट उभे राहतात ते चप्पल भेदून तळव्यात शिरतात, हे इथल्या लहान पोरालाही माहीत आहे. साधा माणूस ओरडतो, काटा काढतो. बधिर पायाच्या माणसाला कळतच नाही; संध्याकाळी चप्पल ओली का लागते म्हणून पाहावं तर रक्त. हळद दाबली, कापड बांधलं, कामावर गेला. आठ-दहा दिवसांत बोट काळं पडतं. मग ड्रेसिंग, महागडी प्रतिजैविकं, बोट काढणं, आणि काहींच्या नशिबी घोट्याच्या वरून कापणं. रुग्णालयाचं बिल सरकारी योजनेतून भागलं तरी पेरणीला तिफणीमागे कोण चालणार, याचं उत्तर योजनेत नसतं. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना लोणार, मेहकर, जानेफळ या वाटेने जाते. तिच्यासोबत चार पावलं अनवाणी चालायची इच्छा होते, ते समजण्यासारखं आहे. मधुमेह्याने मात्र मोजे-बूट घालूनच चालावं आणि रात्री दोन्ही तळवे उजेडात पाहावेत. स्वतःला वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवावा किंवा नातवाला कामाला लावावं.

किडनीचा हिशेब याहून मोठा आहे. डायलिसिसला, गावच्या भाषेत ‘मशीनवर’, आठवड्यातून तीनदा जावं लागलं तर वर्षात १५६ वेळा. खासगीत एका वेळेचे दोन हजार धरले तर ३ लाख १२ हजार, म्हणजे साधारण साडेअठ्ठावन्न क्विंटल. पाच एकरांचं सगळं सोयाबीन विकलं तरी निम्म्याच्या आसपास भागतं.

‘पण ते तर आता फुकट आहे ना?’ हा प्रश्न रास्त आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू झाली आणि कुटुंबामागे वर्षाचं संरक्षण पाच लाखांवर गेलं. शिधापत्रिकेचा रंग पाहायची गरज उरली नाही. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला भेटावं. माहितीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे. डायलिसिस योजनेत होतं. आता फुकटाचाही हिशेब करू. १५६ दिवस रुग्ण आणि सोबतचा एक जण, दोघांची मजुरी बुडते. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये. दोघांचे मिळून बुडालेले दिवसही ३१२, आकड्यांचा हा निव्वळ योगायोग. गुणाकार ९७,३४४ रुपये. सव्वाअठरा क्विंटल, मशीनचा एक रुपया न देता. गाडीभाडं, बाहेरचा चहा-नाश्ता यात धरलेला नाही. मशीनसाठी बुलढाण्याला जायचं तर मेहकरहून ते पासष्ट किलोमीटरच्या आसपास. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. पण आठवड्यातून तीनदा त्या बाकावर बसायचं ते थकलेल्या शरीराने.

योजनेतली एक विसंगती ध्यानात घ्यायला हवी. ती मुख्यतः भरती झालेल्या माणसासाठी आहे. पाय कापायचे पैसे तिच्यातून येतात, पाय वाचवणारी रोजची गोळी येत नाही. त्या गोळीची सोय वेगळ्या खिडकीवर आहे, आणि तिथे जायचं अनेकांच्या ध्यानातच येत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले, केसपेपरसकट. प्राथमिक आरोग्य केंद्रात तीस वर्षांवरच्यांची रक्तदाब-मधुमेह तपासणी असंसर्गजन्य रोगांच्या कार्यक्रमात होते आणि मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइडसारख्या मूळ गोळ्या तिथून मिळू शकतात. साठा कधी संपलेला असतो, हेही खरं. म्हणून शेवटची गोळी उरेपर्यंत थांबू नये, आठवडाभर आधी चक्कर मारावी. आशाताईंना आधी विचारलं तर खेप वाया जात नाही.

विकतच घ्यायची तर जनऔषधी केंद्र. तिथे औषध मूळ नावाने मिळतं, कंपनीच्या नावाने नाही. जवळचं केंद्र ‘जनऔषधि सुगम’ ॲपवर सापडतं. चिठ्ठीवर फक्त कंपनीचं नाव असेल तर डॉक्टरांकडून खाली औषधाचं मूळ नाव आणि मात्रा लिहून घ्यावी. दुकानदाराने ‘तेच आहे’ म्हणून परस्पर काही बदलून देऊ नये, आपणही घेऊ नये. मेटफॉर्मिनच्या पट्टीवर ‘एसआर’ लिहिलं असेल तर ती गोळी हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते. पैसे वाचवायला ती मोडून अर्धी-अर्धी खाल्ली तर तिची ती बांधणीच मोडते.

ज्यांची चिठ्ठी तीन-चार वर्षं जुनी आहे, त्यांच्यासाठी इथे खरे पैसे दडलेले आहेत. मधुमेहाच्या काही महाग गोळ्यांची पेटंटं अलीकडे संपली. सिटाग्लिप्टिनचं २०२२ च्या जुलैत संपलं, आणि त्याच वर्षी जनऔषधी केंद्रांत पन्नास मिलीग्रॅमच्या दहा गोळ्या साठ रुपयांना आल्या. लिनाग्लिप्टिन २०२३ मध्ये मोकळं झालं. एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट मार्च २०२५ मध्ये सुटलं. जी गोळी साठ रुपयांच्या घरात होती, तिच्याच घटकाची गोळी अनेक कंपन्यांनी दहा-पंधरा रुपयांत किंवा त्याहूनही कमीत आणली. जुन्या चिठ्ठीवर मूळ कंपनीचीच गोळी चालू असेल तर डॉक्टरांना एकच प्रश्न विचारावा, “याच औषधाची स्वस्त गोळी आता चालेल का?” एकाच गोळीतली बचत रोज चाळीस-पन्नास रुपये असेल, तर वर्षाला तीन क्विंटल सोयाबीन वाचतं. सप्टेंबर २०२५ मध्ये औषधांवरचा जीएसटीही बारावरून पाच टक्क्यांवर आला आहे; बिलात तो दिसतो का, ते पाहावं.

इन्सुलिनवाल्यांना तीन गोष्टी. पहिली, इन्सुलिन मनाने बंद करू नये, पैसे नाहीत म्हणूनही नाही. काहींमध्ये दोन-चार दिवसांतच उलट्या आणि बेशुद्धीपर्यंत पाळी जाते आणि अतिदक्षता विभागातला एक दिवस कित्येक महिन्यांच्या इन्सुलिनचे पैसे खातो. दुसरी, चाळीस युनिटची बाटली असेल तर सिरिंजही चाळीसचीच, लाल टोपणाची. शंभरची नारिंगी टोपणाची असते, आणि अदलाबदल झाली की मात्राच चुकते. तिसरी, एप्रिल-मेच्या उन्हात फ्रिज नसेल तर वापरातली बाटली प्लास्टिकच्या डबीत बंद करून पाणी भरलेल्या मातीच्या भांड्याच्या गारव्यात ठेवावी. बर्फात ठेवलेलं, गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं असं समजावं.

उपवासाचा प्रश्न मेहकरात दोन्ही बाजूंचा आहे, नवरात्र-एकादशीचा आणि रमजानच्या रोज्यांचा. उपाशी पोटी ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते, म्हणून लोक सगळ्याच गोळ्या बंद करतात. वर साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा हाणतात, ज्याने साखर भाकरीपेक्षा जोरात चढते! उपवास सुरू व्हायच्या आठ-पंधरा दिवस आधी डॉक्टरांकडून वेळा आणि मात्रा बदलून घ्यावी. मीटरवर साखर सत्तरच्या खाली गेली, घाम-थरथर सुटली, तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. त्या वेळी उपवास मोडावा. एखादी गोळी चुकलीच, तर पुढच्या वेळी दोन एकदम घेऊ नयेत.

पथ्य आणि चालणं यांनी काहींची गोळी कमी होते, क्वचित बंदही होते. पण ती डॉक्टर तपासण्या पाहून बंद करतात, आपण पट्टी संपली म्हणून नाही. ‘मुळापासून बरा’ करणाऱ्या काढ्याच्या बाटलीची किंमत एकदा मेटफॉर्मिनच्या पट्ट्यांत मोजून पाहावी. काढा घ्यायचाच असेल तर गोळी चालू ठेवून आणि डॉक्टरांना सांगून.

राहिला हंगामाचा प्रश्न. या भागात घरात पैसा येतो तो दिवाळीच्या आसपास, सोयाबीन निघाल्यावर, आणि पुढे तूर-हरभऱ्यावर. खडखडाट असतो तो जुलै ते सप्टेंबर, पेरणी-फवारणीला पैसा गेल्यावर. गोळ्या सुटतात त्या बहुतेक याच तीन महिन्यांत. म्हणून माल विकला त्याच आठवड्यात, मुदतीची तारीख पाहून, तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम घ्याव्यात आणि तीन महिन्यांची शुगरही तेव्हाच तपासावी. उन्हाळ्यात हरभऱ्याच्या पैशातून दुसरी खेप. पाऊस पडला की सरकारी केंद्राची वाट धरावी आणि तिथलं कार्ड सांभाळून ठेवावं. पोळ्याला बैलांच्या साजाची पिशवी काढतो, त्याच दिवशी गोळ्यांचा डबाही उघडून किती उरल्यात ते मोजावं. नवं सोयाबीन घरात यायला तेव्हा महिना-दीड महिना बाकी असतो.